सर्व्हरची कार्यप्रणाली : दहा वर्षांची हमी कोणाची?

शाळेतल्या दहा-बारा संगणकांपैकी एक बऱ्या ताकदीचा संगणक बाजूला काढायचा, त्यावर धडे, चित्रफिती, प्रश्नपेढी, विकिपीडियाची प्रत आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवायच्या, आणि बाकीच्या संगणकांनी त्याच्याकडून हवे ते मागून घ्यायचे, ही सोय आता खेड्यातल्या शाळेलाही परवडू लागली आहे. अशी सेवा पुरवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. जिथे इंटरनेट कधी असते, कधी नसते, तिथे तर त्याचा फारच उपयोग होतो. भंडारा जिल्ह्यातील काही शिक्षक असा सर्व्हर उभारण्याच्या खटपटीत आहेत. त्यांच्याकडून आम्हाला वारंवार येणारा प्रश्न असा : त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, कोणती घालावी?

ती मुक्त स्रोत प्रकारातली असावी, इथपर्यंत बहुतेकांचे एकमत असते. लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणालीला परवाना शुल्क द्यावे लागत नाही, तिचा मूळ मजकूर पाहता येतो, बदलता येतो, शेजारच्या शाळेला देता येतो. अडचण पुढे येते. लिनक्स हा केवळ गाभा आहे. त्याभोवती हजारो आज्ञावली गोळा करून, त्या एकमेकींशी जुळवून कोणीतरी आपल्या हाती देतो. या जुळवणीला वितरण म्हणतात आणि अशी वितरणे डझनावारी आहेत. मग जाणकार म्हणून ज्याला विचारावे तो एक ठरावीक उत्तर देतो : "ज्याला दहा वर्षांचा सपोर्ट आहे ते घ्या आणि निश्चिंत व्हा."

हे उत्तर अपुरे आहे, आणि काही अंशी दिशाभूल करणारे आहे, असे आमचे मत आहे. या लेखात त्याचीच चिकित्सा करायची आहे.

जुनी आवृत्ती, नवी दुरुस्ती

प्रथम 'लाँग टर्म सपोर्ट' म्हणजे नेमके काय ते पाहू. संक्षेपाने त्याला एलटीएस म्हणतात. आपण त्याला दीर्घ मुदतीची देखभाल म्हणू.

आज्ञावली लिहिणारे सतत नव्या आवृत्त्या काढत असतात. नव्या आवृत्तीत नव्या सोयी येतात आणि नव्या चुकाही येतात. घरच्या संगणकावर हे चालून जाते. सर्व्हरवर मात्र आज चालणारी गोष्ट उद्याही तशीच चालली पाहिजे. म्हणून वितरण तयार करणारे एका दिवशी सगळ्या आज्ञावलींच्या आवृत्त्या गोठवतात. त्यानंतर नव्या सोयी घ्यायच्या नाहीत. फक्त दोष, त्यातही सुरक्षेचे दोष, दुरुस्त करायचे. नव्या आवृत्तीत झालेली दुरुस्ती नेमकी वेगळी काढायची आणि जुन्या आवृत्तीला बसेल अशी बेतून लावायची. हे काम कष्टाचे आहे. आवृत्ती जितकी जुनी होत जाते, तितके ते अवघड होते, कारण नव्या मजकुराशी तिचे साम्य कमी होत जाते.

एक उदाहरण घेऊ. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. संगणकांमधली बोलणी गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत तो होता आणि त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतली माहिती परक्याला वाचता येत असे. दोष १.०.१ या आवृत्तीबरोबर २०१२ मध्ये आत आला होता. डेबियन या वितरणाच्या सातव्या आवृत्तीत ती १.०.१-ई या रूपात होती. मूळ लेखकांनी दुरुस्त केलेली आवृत्ती १.०.१-जी अशी काढली. डेबियनने मात्र 'ई'च कायम ठेवून तेवढी दुरुस्ती तिच्यात घातली. केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहणाऱ्याला वाटावे की सर्व्हर अजून सदोष आहे. प्रत्यक्षात तो सुरक्षित झाला होता. आणखी गंमत म्हणजे डेबियनच्या त्याहून जुन्या, सहाव्या आवृत्तीत ओपनएसएसएल ०.९.८ होती. तिच्यात हा दोष नव्हताच.

दुसरे उदाहरण अलीकडचे. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. शोध घेता घेता 'एक्सझेड' या माहिती दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचे आढळले. तो ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत होता. आवृत्त्या गोठवलेल्या स्थिर वितरणांपर्यंत तो पोचलाच नव्हता.

तेव्हा जुने म्हणजे असुरक्षित, हे समीकरण खरे नाही. नवे म्हणजे सुरक्षित, हेही नाही. ज्याची देखभाल चालू आहे ते सुरक्षित. म्हणून दीर्घ मुदतीची देखभाल ही कल्पना सर्व्हरसाठी योग्यच आहे आणि आमचा आक्षेप तिच्यावर नाही. आक्षेप आहे तो मुदतीच्या आकड्याला गुण देऊन निवड उरकून टाकण्यावर.

या दोन उदाहरणांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. हार्टब्लीडच्या वेळी निम्मे जग वापरत असलेल्या ओपनएसएसएलवर पूर्णवेळ काम करणारा जवळजवळ एकच माणूस होता. एक्सझेडचा सांभाळ एकटा स्वयंसेवक करत होता, तो थकला होता आणि मदतीच्या मिषाने आलेल्याने त्याचाच फायदा घेतला. देखभाल आपोआप होत नसते. ती माणसे करतात.

आकडा कसा वाचावा?

वितरणाच्या माहितीपत्रकात 'पाच वर्षे' किंवा 'दहा वर्षे' असे लिहिलेले असते. तो आकडा वाचताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला : वर्षे कधीपासून मोजायची? घड्याळ सुरू होते ते वितरण प्रसिद्ध झाले त्या दिवशी. आपण ते यंत्रावर चढवले त्या दिवशी नव्हे. समजा, एखाद्या शाळेने जून २०२६ मध्ये सर्व्हर उभारला. जवळ प्रत आहे म्हणून उबुंटू २२.०४ चढवली, तर तिची साधी मुदत २०२७ मध्ये संपते. पाचाचे जेमतेम एक वर्ष हाती येते. उबुंटू २४.०४ घेतली तर २०२९, म्हणजे सुमारे तीन वर्षे. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तिची एकूण देखभाल २०३० पर्यंत, म्हणजे चार वर्षे. अल्मालिनक्स ९ ची मुदत मे २०३२ ला संपते. तिच्या नावापुढे दहा वर्षे लिहिलेली असली तरी शाळेच्या वाट्याला सहाच येतात.

दुसरा प्रश्न : देखभाल कशाची? उबुंटूचे उदाहरण बोलके आहे. तिच्या भांडारात 'मेन' आणि 'युनिव्हर्स' असे दोन मोठे विभाग आहेत. कॅनॉनिकल ही कंपनी पाच वर्षांची देखभाल करते ती 'मेन' विभागाची. त्यात सुमारे २,३०० आज्ञावली येतात. 'युनिव्हर्स'मध्ये सुमारे २३,००० आहेत. त्यांची देखभाल स्वयंसेवकांना जमेल तशी होते. कंपनीकडून ती हवी असेल, तसेच मुदत दहा वर्षांपर्यंत न्यायची असेल, तर 'उबुंटू प्रो' घ्यावे लागते. व्यक्तिगत वापरासाठी ते पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे. संस्थांना शुल्क पडते. आता शिक्षकाने सर्व्हरवर हौसेने घातलेली शिक्षणविषयक आज्ञावली 'युनिव्हर्स'मधली असेल, तर 'पाच वर्षांचा सपोर्ट' तिला लागू होतच नाही. भांडाराबाहेरून उतरवून घेतली असेल, तर कोणत्याच हमीत ती बसत नाही.

डेबियनमध्येही असा तपशील आहे. तिथे पहिली तीन वर्षे मुख्य सुरक्षा-पथक काम पाहते. पुढची दोन वर्षे एक वेगळा गट, काही कंपन्यांनी दिलेल्या पैशावर, काम चालवतो. ही व्यवस्था २०१४ मध्ये सुरू झाली. या दोन वर्षांत प्रत्येक आज्ञावलीची आणि प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरची देखभाल होईलच असे नाही. आपल्या यंत्रावरील कोणत्या आज्ञावली देखभालीबाहेर गेल्या, हे सांगणारे एक छोटे साधन डेबियन पुरवते, ही जमेची बाजू.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा : हमी देणारा कोण, आणि त्याने ती मोडली तर काय? याचे उत्तर अलीकडच्या इतिहासात फार स्पष्टपणे मिळते.

सेंटओएसचा धडा

रेड हॅट या अमेरिकन कंपनीचे लिनक्स वितरण सर्व्हरसाठी नावाजलेले आहे. देखभाल दहा वर्षे. पण त्यासाठी वर्गणी भरावी लागते. मजकूर मुक्त असल्यामुळे तोच घेऊन, कंपनीचे नाव व चिन्हे काढून, हुबेहूब तसेच वितरण मोफत देणारा प्रकल्प २००४ मध्ये पुढे आला. तो म्हणजे सेंटओएस. विद्यापीठे, संशोधनसंस्था, छोट्या कंपन्या यांनी तो डोळे मिटून स्वीकारला. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकावरही सेंटओएसची सातवी आवृत्ती होती.

या प्रकल्पाच्या मागे माणसे फार थोडी होती. २००९ मध्ये तर अशी वेळ आली, की प्रकल्पाचे संकेतनाव आणि पैसा ज्याच्या हाती होता त्याचा संपर्कच होईना, आणि सहकाऱ्यांना त्याला जाहीर पत्र लिहावे लागले. प्रकरण मिटले. २०१४ मध्ये खुद्द रेड हॅटने प्रकल्पाला आपल्या छत्राखाली घेतले. आता काळजी मिटली, असे सगळ्यांना वाटले.

सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ आली. तिची मुदत २०२९ पर्यंत सांगितली होती. ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. दहा वर्षांची सव्वादोन झाली. विरोधाभास असा, की आधीची सेंटओएस ७ ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालू राहिली. ज्यांनी नव्यावर जाण्याची तत्परता दाखवली तेच आधी उघड्यावर पडले.

वैज्ञानिक जगाला हा धक्का अधिक बसला. अमेरिकेतील फर्मीलॅब आणि युरोपातील सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळांनी २००४ पासून 'सायंटिफिक लिनक्स' हे स्वतःचे वितरण चालवले होते. तेही रेड हॅटच्याच मजकुरावर बेतलेले. सर्नच्या प्रयोगांची माहिती जगभरातील संगणककेंद्रांच्या जाळ्यात वाटून तपासली जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीएमएस प्रयोगाचे असे एक केंद्र आहे. या जाळ्यात प्रामुख्याने हीच वितरणे चालत. एप्रिल २०१९ मध्ये फर्मीलॅबने जाहीर केले, की स्वतःची आठवी आवृत्ती काढण्याऐवजी आपण सेंटओएस ८ वापरू. दोन ठिकाणी तेच काम कशाला, हा विचार वाजवी होता. वीस महिन्यांनी सेंटओएस ८ च रद्द झाली.

सेंटओएसची जागा घ्यायला दोन वितरणे २०२१ मध्ये पुढे आली : मार्चमध्ये अल्मालिनक्स आणि जूनमध्ये रॉकी लिनक्स. डिसेंबर २०२२ मध्ये सर्न व फर्मीलॅबने आपल्या प्रयोगांसाठी अल्मालिनक्सची शिफारस केली. पण गोष्ट इथेही थांबली नाही. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या वितरणाचा नेमका मजकूर सर्वांसाठी ठेवणे बंद केले. तो आता ग्राहकांना मिळतो. इतरांसाठी 'सेंटओएस स्ट्रीम' हा पुढच्या आवृत्तीचा प्रवाह तेवढा खुला आहे. पुढच्याच महिन्यात अल्मालिनक्सने हुबेहूब नक्कल करण्याचे ध्येय सोडले; रेड हॅटवर चालणारी आज्ञावली आपल्यावरही चालेल, एवढेच वचन ठेवले.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. लिनक्सच्या गाभ्याचा परवाना सांगतो, की ज्याला तुम्ही आज्ञावली दिली त्याला तिचा मजकूरही मिळाला पाहिजे. तो साऱ्या जगाला फुकट वाटा, असे परवाना सांगत नाही. आणि तो पुढची दहा वर्षे दुरुस्त करत राहा, असे तर मुळीच सांगत नाही. मुक्त स्रोताने आपल्याला हक्क मिळतो. कोणी काम थांबवले तर ते पुढे नेण्याचा हक्क. तो हक्क मोठा आहे, त्याच्याच बळावर अल्मा आणि रॉकी उभ्या राहिल्या. पण हक्क म्हणजे मेहनत नव्हे.

भंडाऱ्यातील दाखला

हक्क आणि देखभाल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे भंडाऱ्याच्या वाचकाला दूरच्या उदाहरणावरून समजावण्याची गरज नाही. हा तलावांचा जिल्हा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कसब मोठे होते. तलाव बांधणे हे एकदाचे काम; त्याची देखभाल मात्र दरवर्षीची. पाळ फुटू न देणे, पाणी सोडण्याची वाट मोकळी ठेवणे, पाण्याची पाळी लावणे, उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकणे, ही कामे कोणी करायची हे गावात ठरलेले असे.

मालकी हक्क संपवणारा मध्य प्रदेशचा कायदा १९५० चा. त्या वेळी भंडारा त्या राज्यात होता. १९५१ पासून हे तलाव सरकारकडे आले आणि पुढे त्यांतले बहुतेक जिल्हा परिषदेकडे गेले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. त्या व्यवस्थेत सक्ती होती आणि विषमताही होती. पण मालकाबरोबर देखभालीची घडीही मोडली आणि तिच्या जागी दुसरी घडी वेळेवर बसली नाही. तलाव सर्वांचे झाले, गाळ मात्र कोणाचाच राहिला नाही. अनेक तलाव उथळ झाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेसारखे प्रयत्न ही राहून गेलेली देखभाल भरून काढण्यासाठीच आहेत.

सर्व्हरच्या बाबतीत हाच प्रश्न विचारावा : याचा गाळ कोण काढणार आहे, आणि त्याला त्यासाठी वेळ व पैसा कोण देतो? २०२३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांनी जाहीर केले, की दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या सहा वर्षे सांभाळण्याची प्रथा आता दोन वर्षांवर आणली जाईल. माणसे कमी आणि काम जास्त, हे त्यामागचे एक उघड कारण होते.

चार पर्यायांची तपासणी

या कसोटीवर चार पर्याय पाहू.

डेबियन. १९९३ पासून चालत आलेले, कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसलेले वितरण. जगभरचे स्वयंसेवक लिखित नियमांनुसार मतदानाने निर्णय घेतात. मुदत पाचच वर्षांची, पण तीस वर्षांहून अधिक काळ काम अखंड चालू आहे, आणि एका व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या मनात आले म्हणून ते बंद पडण्याची शक्यता कमी. एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर यंत्र पुसून न टाकता जाता येते. उणीव अशी, की अडचण आल्यास ज्याला जाब विचारावा असा दुकानदार नाही.

उबुंटू. २००४ मध्ये डेबियनच्या पायावर सुरू झालेली. २००६ पासून दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या निघू लागल्या. केरळच्या शासनाने शालेय संगणकशिक्षणासाठी जे वितरण घडवले, त्याच्या १८.०४ आणि २२.०४ या आवृत्त्या उबुंटूच्या त्याच क्रमांकाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांवर बेतलेल्या आहेत. शिकण्यासारखी गोष्ट निवडीत नाही, तर व्यवस्थेत आहे. तिथे एक सरकारी संस्था ते वितरण तयार करते, शिक्षकांना शिकवते आणि पुढच्या आवृत्तीवर नेते. उबुंटूची उणीव वर आलीच आहे : लांब मुदत हा कंपनीचा व्यवसाय आहे आणि त्याच्या अटी कंपनी ठरवते.

अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स. मुदत सर्वांत लांब, दहा वर्षे. दोन्हींमागे स्वतंत्र संघटना आहेत, ही सेंटओएसच्या अनुभवातून आलेली सुधारणा. तरीही मूळ मजकुराबाबत दोन्ही रेड हॅटच्या धोरणावर बऱ्याच अवलंबून आहेत. शिवाय जुन्या यंत्रांचा प्रश्न आहे. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला लागणाऱ्या सूचना साधारण २०१३ च्या आधीच्या प्रोसेसरांत नाहीत. स्वस्त प्रकारांत तर त्यानंतरही कित्येकदा नव्हत्या. देणगीत मिळालेल्या संगणकावर ती चालणारच नाही. अल्मालिनक्सने जुन्या प्रोसेसरांसाठी दहाव्या आवृत्तीचे वेगळे रूप ठेवले आहे, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. फार जुनी ३२ बिटांची यंत्रे मात्र डेबियन १३ वरही नव्याने उभारता येत नाहीत.

बॉस. सी-डॅकने डेबियनच्या पायावर घडवलेले भारतीय वितरण. भारतीय भाषांची सोय हा त्याचा हेतू स्तुत्य आहे. पण स्वदेशी आहे म्हणून चिकित्सा सैल करू नये. दुसऱ्या वितरणावर बेतलेल्या कोणत्याही वितरणाला जो प्रश्न विचारावा तोच इथेही : डेबियनने दुरुस्ती काढल्यापासून ती आपल्या यंत्रावर येईपर्यंत किती दिवस जातात? स्वीकारण्यापूर्वी मागच्या वर्षभरातील चार-पाच मोठ्या दुरुस्त्यांच्या तारखा दोन्हीकडे पडताळून पाहाव्यात. उत्तर समाधानकारक असेल तर खुशाल घ्यावे.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर गावातील शाळेसाठी आम्ही डेबियन सुचवू. तिच्या पाच वर्षांवर आमचा विश्वास दुसऱ्या कोणाच्या दहा वर्षांपेक्षा अधिक आहे. ज्या शाळेजवळ उबुंटू जाणणारा माणूस आहे तिने मात्र उबुंटूच घ्यावी. दुरुस्ती करणारा जवळ असणे हा कोणत्याही माहितीपत्रकात न छापलेला, पण फार मोठा गुण आहे.

मुदतीपेक्षा सवय महत्त्वाची

दहा वर्षांच्या आकड्याचा खरा तोटा वेगळाच आहे. तो आपल्याला विसरायला शिकवतो. सर्व्हर चालू आहे, कोणी हात लावू नये, अशी वर्षे जातात. ज्याने तो बसवला त्या शिक्षकाची बदली होते, परवलीचा शब्द हरवतो, आणि मुदत संपते तेव्हा यंत्र कसे उभे केले होते हे कोणालाच ठाऊक नसते. पाच वर्षांची मुदत गृहीत धरून दर तीन वर्षांनी नव्या आवृत्तीवर जाण्याचा सराव असलेली शाळा यापेक्षा कितीतरी सुरक्षित. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी ही महादुर्बीण २००२ पासून जगभरातील खगोलशास्त्रज्ञांच्या वापरात आहे. इतकी वर्षे चालणाऱ्या उपकरणाला एका कार्यप्रणालीची कोणतीही मुदत पुरत नाही. बदल हा त्याच्या देखभालीचाच भाग मानावा लागतो. शाळेतील नोंदीही अशाच दीर्घायुषी असतात.

यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. एक, सर्व्हरवर फक्त वितरणाच्या भांडारातील आज्ञावली घालाव्यात. बाहेरची घ्यावीच लागली तर तिची नोंद वेगळी ठेवावी. दोन, एक वही करावी : काय, कधी, कोणी, कसे बसवले, मुदत कधी संपते, परवलीचा शब्द कोणाकडे आहे. तीन, दुरुस्त्यांसाठी आठवड्यातला एक वार ठरवावा. शाळेत इंटरनेट नसेल तर महिन्यातून एकदा यंत्र जोडणी असलेल्या ठिकाणी न्यावे किंवा मोबाइलवरून जोडणी द्यावी. चार, माहितीची प्रत दुसऱ्या तबकडीवर घ्यावी आणि ती परत उतरवून खरोखर वाचता येते का, हे वर्षातून एकदा पाहावे. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखीच.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना यातून चांगला उपक्रम देता येईल. शाळेतील, ग्रामपंचायतीतील, वाचनालयातील प्रत्येक संगणकावर कोणती कार्यप्रणाली आणि कोणती आवृत्ती आहे, त्याची परवानगी घेऊन यादी करा. प्रत्येकीची प्रसिद्धीची तारीख, देखभाल संपण्याची तारीख आणि उरलेले महिने असे तीन रकाने भरा. मालकी हक्काच्या कार्यप्रणालीही सोडू नका. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. शेवटच्या रकान्यात शून्य किती ठिकाणी येते ते मोजा. नंतर आणखी एक रकाना आखा : 'देखभाल करणारी व्यक्ती'. तो किती ठिकाणी रिकामा राहतो, तेही मोजा. आमच्या मते गावाच्या संगणकांची खरी स्थिती पहिल्या तीन रकान्यांपेक्षा या चौथ्या रकान्यात अधिक स्पष्ट दिसेल, आणि तो भरण्याचे काम कोणत्याही परदेशी कंपनीच्या घोषणेवर अवलंबून नाही.